डॉक्टर स्वतः लक्ष देत आहेत

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर नातेवाइकांसाठी निळी बाकं आहेत. एकोणतीस वर्षं मी त्यांच्यासमोरून ये-जा केली, पण त्यांच्यावर बूड टेकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या मंगळवारी आली. पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की ही बाकं ज्यानं कोणी विकत आणली, त्याच्या घरचं कोणी कधी आजारी पडलं नसावं.

मी डॉ. अनुपमा मगदूम. मिरजेत राहते, म्हणजे जिथं दर तिसऱ्या घरावर डॉक्टरची पाटी आहे त्या गावात. हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देणं हा माझा धंदा. आत टेबलावर माझा नवरा होता, अभिनंदन. तोही डॉक्टर, पण गुरांचा. त्याच्या हृदयाची एक झडप गळायला लागली होती आणि ती बदलायची होती. दोन वर्षं धाप लागत होती, पण हा गडी म्हणायचा, "अनू, अडलेलं रेडकू ओढून काढायचं म्हणजे धाप लागणारच की. तुझ्यासारखं खुर्चीत बसून डॉक्टरकी करतो का मी?"

आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, हा आमच्यातला जुना नियम. हात आपला राहत नाही म्हणून. आमच्या हॉस्पिटलात हृदयाची भूल देणाऱ्या दोघीच, मी आणि माझी विद्यार्थिनी डॉ. श्रुतिका बिरनाळे. म्हणजे तिच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतंच. सकाळी सात वाजता स्ट्रेचरवरून आत जाताना अभिनंदन तिला म्हणाला, "मी म्हशीला झोपवतो तेव्हा पापणीला बोट लावून बघतो, झोप किती लागली ते. माझ्या पापणीलाही एकदा लाव हो."

श्रुतिका हसली. "सर, त्याची गरज नाही पडत आता."

खरं होतं ते. आणि ते खरं का होतं हे सांगायचं, तर त्या मशीनबद्दल सांगायला हवं.

हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनात हृदय काही वेळ थांबवतात. तेवढ्या वेळात रक्त फिरवायचं काम बाहेरचा पंप करतो. सर्जननं आपलं शिवणकाम उरकलं की हृदय पुन्हा चालू करायचं आणि पंपाचा आधार हळूहळू काढून घ्यायचा. हा शेवटचा अर्धा तास आमचा. हृदय नुकतं जागं झालेलं असतं, चिडलेलं असतं. औषध थोडं जास्त झालं तर ते धावत सुटतं, थोडं कमी पडलं तर बसून घेतं. पूर्वी हे सगळं हातानं चालायचं. एका हातात सिरिंज, एक डोळा मॉनिटरवर, एक कान सर्जनच्या शिव्यांकडे.

सहा वर्षांपूर्वी मशीन आलं. कागदोपत्री त्याचं नाव समतोल. आमच्या सिस्टर त्याला सासूबाई म्हणतात, कारण त्याचं सगळीकडे लक्ष असतं आणि जरा इकडचं तिकडे झालं की ते कुरकुरतं. पेशंटच्या कपाळावरच्या पट्टीतून ते मेंदूची झोप मोजतं. अन्ननलिकेत सोडलेल्या नळीतून हृदयाचं चित्र बघतं. दर ठोक्याला रक्तदाब घेतं आणि दर दोन सेकंदांनी आठ सिरिंजांमधलं औषध कमी-जास्त करतं. लाखो ऑपरेशनांच्या नोंदींवर ते शिकलंय. त्याला भूक लागत नाही, लघवीला लागत नाही, घरी भांडण झालेलं नसतं. आमच्याकडे पूर्वी शंभरांत तीन पेशंट टेबलावर किंवा त्याच आठवड्यात जायचे, आता धड एकही दगावत नाही. ते आणावं म्हणून बैठकीत पहिला हात मीच वर केला होता. मी त्याची वैरीण नाही, एवढं लिहून ठेवा.

मशीन आलं तशी भूल देणाऱ्याची खुर्ची पेशंटच्या उशाकडून हलली आणि काचेपलीकडच्या खोलीत गेली. तिथं स्क्रीन असतात, एसी असतो, खुर्चीला हात असतात. आम्ही देखरेख करतो.

मशीनचा नियम एकच. त्याच्याकडे येणारे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले आणि त्याचा स्वतःवरचा भरवसा ठरावीक रेषेखाली गेला, की ते अंदाज करत बसत नाही. ते अंग काढून घेतं. आठही सिरिंज माणसाच्या हवाली करतं आणि गप्प राहतं. तसा कायदाच झाला. शेवटी माणूसच श्रेष्ठ, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी त्या वेळी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि जोरात वाजवल्या.

त्या टाळ्यांच्या नादात एक साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. सोपी नव्व्याण्णव ऑपरेशनं मशीन करणार आणि शंभरावं, सगळ्यात अवघड, ते माणसाच्या पदरात टाकणार. मग त्या माणसानं हात बसवायचा कशावर? मशीन बंद ठेवून ऑपरेशन केलं तर विमा कंपनी पैसे देत नाही. सहा वर्षांत मी एकाही पेशंटला हातानं सांभाळलेलं नव्हतं, आणि श्रुतिकानं तर आयुष्यात नाही.

तिला या शाखेत मीच ओढली. ती तेव्हा साधी भूल शिकत होती. एके दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, हृदयाची भूल घ्यावी म्हणते. फायदे-तोटे सांगा ना."

"तोटे आधी ऐक," मी म्हणाले. "सहा-सहा तास उभं राहायचं. चहा प्यायचा नाही, कारण जायला मिळत नाही. कमरेचं भजं होतं. पेशंट शुद्धीवर आला की हार सर्जनच्या गळ्यात पडतो आणि गेला की अख्खं गाव म्हणतं, भूल जास्त झाली. तुझं नाव लोकांना कळेल ते फक्त पेशंट गेल्यावर."

"आणि फायदे?"

"हृदय ही काय चीज आहे ते तुझ्याइतकं कोणालाच कळणार नाही. सर्जनलाही नाही, तो प्लंबर आहे. सगळे घाबरतात तेव्हा तुझ्याकडे बघतात. पैसा बरा मिळतो. आणि पेशंट झोपलेला असतो, त्यामुळे त्याची बडबड ऐकावी लागत नाही."

ती हसली, मग म्हणाली, "पण मॅडम, आता मशीन आलंय ना?"

"मग तर फायदेच उरले," मी म्हणाले. "तोटे सगळे सासूबाईंच्या अंगावर."

कपाळ माझं. इतकं बेजबाबदार वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

तीन वर्षांनी तिच्या नोंदवहीवर सही करायची वेळ आली. स्वतंत्रपणे हाताळलेली ऑपरेशनं दोनशे हवीत, असा नियम. तिची दोनशे चौदा होती आणि सगळी काचेमागे बसून झालेली. विद्यापीठानं देखरेख म्हणजेच हाताळणी असं परिपत्रक काढलं होतं, कारण तसं नसतं काढलं तर देशात एकही पोर पास झालं नसतं. मी सही केली. पेन घेऊन दोन मिनिटं बसले होते एवढंच.

आता बाकावर बसून हे सगळं आठवत होतं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

नातेवाइकांच्या मोबाइलवर मशीनकडून निरोप येत राहतात. पेशंट झोपले आहेत, हिरवा. ऑपरेशन सुरू झाले आहे, हिरवा. पंपाचा आधार दिला आहे, हिरवा. माझ्या शेजारी अथणीकडच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा दीर शेजारच्या थिएटरात होता. त्यांनी डब्यातलं भडंग पुढं केलं. "खावा हो. उपाशी बसून काय त्यास्नी बरं वाटणार हाय?"

मी नको म्हटलं. मनातल्या मनात मी आत होते. नऊ वाजून वीस मिनिटं, म्हणजे नवी झडप शिवून होत आली असेल. नऊ चाळीस, म्हणजे हृदय चालू. नऊ पन्नासला निरोप आला, पंपाचा आधार काढला आहे, हिरवा. माझा जीव भांड्यात पडला. आता फक्त पंपासाठी पातळ केलेलं रक्त पुन्हा नीट गोठावं म्हणून एक उलटं औषध द्यायचं आणि छाती बंद करायची. मी बाईंना म्हणाले, "द्या थोडं भडंग."

पहिला घास तोंडात होता तेवढ्यात मोबाइल थरथरला. निरोप पिवळा होता.

डॉक्टर स्वतः लक्ष देत आहेत.

बाईंनी डोकावून वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं की. मशीनपरास माणूस कवाबी बरा. आता काळजी नगा करू."

या वाक्याचा अर्थ त्या अख्ख्या हॉलमध्ये मला एकटीलाच माहीत होता. मशीननं सोडलं होतं. आणि हे वाक्य मीच लिहिलेलं होतं. नातेवाइकांना जाणारे निरोप ठरवायला राज्याची समिती होती, मी तिच्यात होते. पहिला मसुदा आला होता, 'यंत्रणेने नियंत्रण सोडले आहे.' मी म्हणाले होते, असं कसं लिहिता, नातेवाईक दारं फोडतील, काहीतरी धीराचं लिहा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. चार वर्षं इतर शहरांतले लोक तो निरोप वाचून एकमेकांना म्हणत आले होते, बघ, डॉक्टर स्वतः बघतायत; आमच्याकडे त्याची वेळ कधी आली नव्हती. मला आज पहिल्यांदा तो माझ्या नवऱ्याबद्दल आला.

मी दाराकडे गेले. दार माझ्या बोटाच्या ठशानं उघडतं, पण त्या दिवशी माझी नोंद नातेवाईक अशी होती. लाल दिवा लागला. पुन्हा बोट लावलं, पुन्हा लाल. तिथला वॉचमन मला वीस वर्षं ओळखतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं किल्ली न्हाई हो. असती तर दिली असती."

तेवढ्यात फोन वाजला. श्रुतिका होती, काचेमागच्या खोलीतून.

"मॅडम, तुम्ही नातेवाईक आहात, मला कळतंय. पण दुसरं कोणाला विचारू? त्यानं सोडलंय."

"कधी?"

"चाळीस सेकंद झाली. उलटं औषध जात होतं आणि प्रेशर पडलं. आता पंचावन्न आहे. फुप्फुसातलं प्रेशर मात्र चढतंय. एक आकडा म्हणतो हृदय भरलंय, दुसरा म्हणतो रिकामं आहे. मॅडम, काय देऊ?"

आता एक ध्यानात घ्या. हा प्रसंग मला माहीत होता. पुस्तकात आहे. मी तो शिकवलाय, परीक्षेत विचारलाय, पूर्वीच्या काळी चार-पाच वेळा निभावून नेलाय. उलट्या औषधाची कोणाकोणाला रिअ‍ॅक्शन येते, मिनिटभरात हृदय कोलमडतं, आणि करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. त्या सांगायला मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतंच. कपाट उघडावं आणि सगळे डबे रिकामे निघावेत तसं झालं. औषधांची नावं येत होती, पण कुठलं आधी, कुठलं नंतर, किती, ते येत नव्हतं. माझा नवरा आत मरत होता आणि मी भिंतीला हात लावून उभी होते.

"मॅडम? ऐकताय ना?"

"श्रुतिका," मी म्हणाले, "मशीन काय म्हणतंय?"



"काहीच म्हणत नाही, मॅडम. सगळं माझ्यावर सोडलंय."

मग तिच्या मागून, काचेपलीकडून, डॉ. मुजावरांचा आवाज आला. मुजावर आमचे सर्जन, बासष्ट वर्षांचे, जुन्या मुशीतले. "अरे कोणी काही करणार आहे का तिकडे? राहू दे. सिस्टर, सिरिंज इकडे आणा. पंप, पुन्हा चालू करा." फोन बंद झाला.

मी येऊन बाकावर बसले. तोंडात भडंग तसंच होतं. बाईंनी माझा हात धरला आणि सोडला नाही. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं. पिवळा निरोप सत्तावीस मिनिटं हलला नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही. मला ते घ्यायची लाज वाटली.

मग हिरवा आला. प्रकृती स्थिर आहे.

घडलं होतं ते असं. मुजावरांनी पंपात रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवणारं औषध स्वतः सिरिंजमध्ये भरून सरळ हृदयात टोचलं, पंप पुन्हा चालू करायला लावला, हृदयाला वीस मिनिटं विसावा दिला आणि ते सावरलं. यात माझा वाटा शून्य. श्रुतिकाचाही शून्य.

दुपारी ती बाहेर आली. टोपी काढायचीही तिला शुद्ध नव्हती. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी काहीच दिलं नाही. चार मिनिटं माझे हात मांडीवर होते. नुसते."

"माझंही डोकं रिकामं झालं होतं, बाळ," मी म्हणाले. "मलाही आठवलं नाही."

मला वाटलं होतं तिला धीर येईल. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

"मग कोणाला येतं हे?" ती म्हणाली. ओरडली नाही. उठून गेली. महिन्याभरात तिनं ही शाखा सोडली. आता जयसिंगपुरात अपेंडिक्स आणि बाळंतपणाच्या भुली देते आणि म्हणते, मी सुखी आहे.

अभिनंदन तिसऱ्या दिवशी नीट बोलायला लागला. डाव्या हाताची दोन बोटं जरा मंद झाली होती, बाकी ठणठणीत. पहिलं वाक्य, "अनू, माझी म्हैस यापेक्षा लवकर उठून चारा खाते."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि सिस्टरनं मला बाहेर काढलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मशीन सगळं नोंदवून ठेवतं. त्याच्या नोंदीत मुजावरांनी हातानं टोचलेलं औषध नव्हतं, कारण ते त्याच्या आठ सिरिंजांमधून गेलंच नव्हतं. नोंदीत होतं ते एवढंच: नियंत्रण माणसाकडे. बाहेरच्या तज्ज्ञाशी फोनवर संपर्क. संपर्क संपल्यावर सोळा सेकंदांत पंप सुरू. पुढे रक्तदाब पूर्ववत. पेशंट वाचला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आठवड्याभरात सगळ्या हॉस्पिटलात झालं, मगदूम मॅडमनी नवऱ्याला फोनवरून वाचवलं. कॅन्टीनवाल्यानं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. अभिनंदनला भेटायला येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तो सांगायचा, "माझ्या बायकोनं दाराबाहेर उभं राहून मला जिवंत केलं. तुमच्या कोणाच्या बायकोला जमेल का?" मी त्याला खरं सांगितलं. नीट, दोन्ही हात हातात घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगितलं. त्याला ते खरं असायला हवं होतं. मला त्याचं तोंड बंद करवेना.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचे दोन अधिकारी पुण्याहून आले. त्यातल्या एकाजवळ टॅब होता आणि तो माझं प्रत्येक वाक्य टिपून घेत होता. मी म्हणाले, "हे बघा, मी काहीही सल्ला दिलेला नाही. मी फक्त विचारलं, मशीन काय म्हणतंय."

त्यानं मान डोलावली आणि टिपलं. मी वाचलं ते. 'तज्ज्ञांनी सर्वप्रथम यंत्रणेच्या स्थितीची खातरजमा केली.'

"अहो, खातरजमा नाही. मला काही सुचत नव्हतं."

"मॅडम, तुमचा विनय आम्ही समजू शकतो," दुसरा म्हणाला.

मी मुजावरांना गाठलं. ते निवृत्तीच्या तयारीत होते, खोलीतली पुस्तकं खोक्यांत भरत होते. "अनुपमा, मी सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "दोनदा सांगितलं. ते म्हणाले, सर, तुमचा निर्णय फोननंतर सोळा सेकंदांनी झालाय, आमच्याकडे वेळ नोंदलेली आहे. आता मी घड्याळाशी भांडू?"

त्या दोघांच्या अहवालावरून राज्यासाठी नवी योजना निघाली. मशीननं नियंत्रण सोडलं की कोणत्याही गावातल्या, कोणत्याही थिएटरमधून, एका तज्ज्ञाला आपोआप फोन जाणार. मगदूम मॅडमच्या प्रसंगानं सिद्ध झालं होतं की तेवढं पुरतं. मशीन आता छोट्या गावांतही देता येणार होतं, जिथं अनुभवी माणूस नाही तिथंही. आणि तज्ज्ञ म्हणून बसायचं होतं मी.

मी साफ नाही म्हणाले.

"ठीक आहे," टॅबवाला म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "पाचशेच्या वर ऑपरेशनं हातानं केलेले राज्यात अकराजण होते. सात निवृत्त झाले आणि त्यांना हे नको आहे. दोघं परदेशात आहेत. एक गृहस्थ नागपूरला आहेत, त्यांना आता ऐकू कमी येतं. तुम्ही नाही म्हणालात तरी मशीनं जाणारच आहेत, मंजुरी झालीय. फोन तेवढा कोणालाच जाणार नाही."

मी सही केली. या खेपेलाही पेन घेऊन दोन मिनिटं बसले होते.

मग मी माझ्या जुन्या वह्या काढल्या आणि पहिल्या वर्षाच्या पोरीसारखी रोज सकाळी पाठ करायला बसले. रिअ‍ॅक्शन आली तर काय. हृदय आडवंतिडवं धावलं तर काय. तशा एका सकाळी मला कळलं, त्या दिवशी श्रुतिकाला मी कुठलं वाक्य बोलायला हवं होतं ते. फार साधं वाक्य होतं. आम्ही शिकत होतो तेव्हा आकडे गोंधळात टाकायला लागले की स्टुलावर चढायचो आणि पेशंटच्या मानेपाशी बांधलेल्या हिरव्या पडद्यावरून आत बघायचो. छाती उघडीच असते. हृदय समोर दिसतं. त्या रिअ‍ॅक्शनमध्ये त्याची उजवी बाजू तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगते. एकदा बघितलं की विचारायचं काही उरत नाही. मुजावरांना आकड्यांची गरज पडली नाही, कारण हृदय त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. जगातल्या सगळ्या शाखांमध्ये आमची एकच अशी, जिच्यात भूल देणाऱ्याला पेशंटचं हृदय डोळ्यांनी बघता येतं. आणि आम्ही खुर्ची उचलून काचेमागे नेली होती.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, हे एक तरी मी देऊ शकेन. औषधाचं नाव विसरेन, पण बघ म्हणायला विसरणार नाही.

पहिला फोन अकराव्या दिवशी आला, सकाळी साडेदहाला. मी घरी होते. अभिनंदन अंगणात खुर्ची टाकून बसला होता. नांदेडकडचा एक डॉक्टर होता. आवाज तरणा आणि कोरडा पडलेला.

"मॅडम, मी डॉ. प्रथमेश पेनूरकर. मशीननं सोडलंय. चौतीस वर्षांची बाई आहे, झडप बदललीय, पंप काढून सहा मिनिटं झाली. प्रेशर साठ. आकडे जुळत नाहीयेत. काय देऊ?"

या वेळी माझं डोकं जागेवर होतं. मी म्हणाले, "आत्ता काही देऊ नकोस. स्क्रीनकडे बघू नकोस. कानातला फोन तसाच ठेव आणि काचेमागून आत जा. उशाकडे स्टूल असेल, त्याच्यावर चढ आणि पडद्यावरून हृदयाकडे बघ."

दाराचा आवाज आला. मग अलार्म मोठे ऐकू यायला लागले. कोणीतरी विचारत होतं, हा कशाला आत आला. स्टूल फरशीवर ओढल्याचा आवाज आला.

"चढलो, मॅडम."

"दिसतंय?"

"दिसतंय."

"आता नीट बघ. घाई करू नकोस. उजवी बाजू नेहमीपेक्षा फुगलेली वाटतेय का?"

तो बघत होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे सर्जन विचारत होता, अरे काय ते लवकर सांगा.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मी हे पहिल्यांदाच बघतोय. नेहमी कसं असतं?"